मोत्याला पुण्याला न्यायचे आहे

परीक्षा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. वर्षभर म्हशीच्या कासेपासून कोंबड्यांच्या मानमोडीपर्यंत विचारणारे वाचक एकदम कुत्र्यांविषयी लिहू लागतात, कारण घरची माणसे पुणे, गोवा किंवा बेंगळुरूला निघालेली असतात आणि कुत्र्याला शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून जाण्यास जीव धजत नाही. या महिन्यात आलेल्या पत्रांतील सात येथे घेतली आहेत. बहुतेकांनी शेवटी एकच गोष्ट मागितली आहे, ती म्हणजे गाडीत शांत बसण्याची गोळी. तिच्याविषयी पुढे लिहिलेच आहे. परंतु कुत्र्याच्या प्रवासाची तयारी निघण्याच्या दिवशी होत नाही, ती आधीच्या तीन आठवड्यांत आपल्या अंगणात होते, हे पहिल्याच उत्तरात थोडे सविस्तर मांडतो.

प्रश्न : मुलाची नोकरी पुण्यात असल्याने मे महिन्यात आम्ही बिऱ्हाड तिकडे हलवत आहोत. आमच्याकडे चार वर्षांचा मुधोळ जातीचा मोत्या आणि अकरा वर्षांची लॅब्राडोर राणी अशी दोन कुत्री आहेत. मोत्या गाडीत पाऊल ठेवत नाही, उचलून आत घातला तर थरथरतो. राणीला कंबरेचा त्रास आहे, तिला चढता येत नाही. हा प्रवास त्यांना कसा झेपेल? — एक गृहिणी, वडगाव, बेळगाव

उत्तर : आपण पत्रात लिहिले आहे की मोत्या आजवर तीन वेळा गाडीत बसला आणि तिन्ही वेळा दवाखान्यात गेला. त्याच्या थरथरण्याचे उत्तर याच वाक्यात आहे. गाडीचे दार उघडले की पुढे सुई आहे, असा त्याचा अनुभव आहे, आणि कुत्रे अनुभवावरून जे शिकते ते आपल्या समजावण्याने विसरत नाही; त्यासाठी त्याला दुसरा, चांगला अनुभव पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

आजपासूनच सुरुवात करावी. पहिले तीन-चार दिवस गाडी अंगणात उभी करून मागची दोन्ही दारे उघडी ठेवावीत, इंजिन बंद असावे, आणि मोत्याचे संध्याकाळचे जेवण गाडीशेजारी, मग पायदानावर, मग मागच्या सीटवर द्यावे. त्याला ओढू नये, ढकलू नये. तो दोन पाय आत ठेवून भाकरीचा तुकडा उचलून पळाला तरी त्या दिवसाचे काम झाले असे समजावे. तो आपण होऊन आत बसू लागला की दारे लावून पाच मिनिटे नुसते त्याच्याजवळ बसावे, पुढच्या दिवशी इंजिन सुरू करून बसावे, आणि त्यानंतरच गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणावी. पहिल्या चार-पाच फेऱ्या त्याला आवडेल अशा ठिकाणी संपायला हव्यात. आपल्याला येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे. सकाळी तिकडे नेऊन पट्ट्यावर अर्धा तास फिरवून आणले, तर दोन आठवड्यांत तो गाडीची किल्ली वाजताच दाराशी येऊन उभा राहील. शेवटच्या आठवड्यात खानापूरपर्यंतची, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटर जाऊन तेवढेच परत येण्याची, एक पूर्ण रंगीत तालीम करावी. दोन्ही कुत्र्यांना आधी वेगवेगळे न्यावे आणि नंतर एकत्र, कारण अंगणात गुण्यागोविंदाने राहणारी कुत्री अरुंद जागेत एकमेकांवर गुरगुरू शकतात, आणि हे महामार्गावर कळण्यापेक्षा घराजवळ कळलेले बरे.

मुधोळ कुत्र्याच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही शिकारी जात, जिच्यावर २००५ साली टपाल खात्याने तिकीटही काढले, ती नजरेने सावज हेरून धावणारी आहे. रस्त्यापलीकडे बकरी पळताना दिसली तरी मोत्याच्या पायांना धीर निघणार नाही. शिवाय तिचे डोके मानेच्या मानाने निमुळते असते, त्यामुळे कुत्र्याने मागे रेटा दिला की नेहमीचा गळपट्टा कानांवरून अलगद निघून येतो. टोलनाक्यावर किंवा पेट्रोल पंपावर कुत्रा हरवण्याच्या ज्या घटना माझ्या कानांवर आल्या, त्यांत पट्टा तुटल्याची एकही नव्हती, सगळ्या पट्टा निसटल्याच्या होत्या. म्हणून छातीभोवती बसणारा हार्नेस घ्यावा, तो आजपासूनच घरात रोज तासभर घालून ठेवावा, आणि पट्टा व कातडी यांच्यामध्ये आपली दोन बोटे जातील इतकाच सैल असावा. या जातीची कातडी पातळ असते, तेव्हा काखेत घासून लाल होत नाही ना, हेही दोन दिवसांनी पाहावे.

गाडीत दोघांची जागा मागच्या सीटवर. हार्नेसला जोडणारा आखूड पट्टा सीटबेल्टच्या खोबणीत अडकवता येतो. कुत्र्याला उठता, बसता आणि आडवे होता यावे, परंतु पुढच्या दोन सीटमधून चालकाच्या कोपरापर्यंत पोचता येऊ नये, एवढीच त्याची लांबी असावी. हा पट्टा गळपट्ट्याला कधीही जोडू नये, जोराचा ब्रेक लागला तर सगळा भार मानेवर येतो. पुढच्या सीटवर एअरबॅग असते आणि ती उघडते तेव्हा तिचा फटका कुत्र्याला जिवावर बेतू शकतो, म्हणून मांडीवर किंवा पुढे बसवण्याचा मोह टाळावा. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावावे आणि खिडक्यांची बटणे चालकाच्या बाजूने बंद करावीत. कुत्र्याचा पंजा त्या बटणावर पडून काच वर-खाली होणे ही ऐकायला गंमत वाटते, पण मान बाहेर असताना काच वर आली तर ती गंमत राहत नाही.

राणीसाठी वेगळा विचार हवा. अकरा वर्षांच्या जड कुत्रीने उडी मारून उतरणे म्हणजे दुखऱ्या कंबरेवर घाव घालणे आहे. तिला चढवताना एक हात छातीखाली आणि दुसरा मांड्यांखाली घालून, पाठ सरळ ठेवून उचलावे. एकट्याला जमत नसेल तर जुने जाड धोतर किंवा चादरीची घडी पोटाखालून घेऊन दोघांनी तिला तोलावे. सीटवर जाड गोधडी अंथरावी, पाय ठेवायच्या खळग्यात उशा किंवा कपड्यांची बोचकी भरून तो सीटच्या पातळीला आणावा, म्हणजे ती वळणावर खाली घसरणार नाही. निघण्याआधी पंधरा दिवस तिला आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे आणि कंबरेसाठी काही औषध चालू असेल तर ते प्रवासाच्या दिवशी कधी द्यायचे ते विचारावे. घरातली माणसांची दुखण्याची गोळी, मग ती आयबुप्रोफेन असो, डायक्लोफिनॅक असो वा पॅरासिटामॉल, तिला देऊ नये.

राहिला प्रश्न वेळेचा. बेळगावची हवा उंचीमुळे, सुमारे ७५० मीटरमुळे, मवाळ आहे आणि आपली कुत्री तिला सरावलेली आहेत. मे महिन्यातील दुपार कराड-साताऱ्याच्या रस्त्यावर त्यांना बेळगावपेक्षा कितीतरी जड जाईल. पहाटे चारला निघावे. तवंदी घाट गारव्यात उतराल, ऊन तापायच्या आत सातारा मागे पडेल. एरवी सहा-सात तासांचा रस्ता असला तरी आठ-नऊ तास धरून चालावे, कारण दर दोन ते अडीच तासांनी दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आहे. आदल्या संध्याकाळी नेहमीपेक्षा हलके जेवण, पहाटे फक्त पाणी, वाटेत थोडेसे काही कोरडे आणि पोटभर जेवण पुण्याला पोचल्यावर तासाभराने, असा क्रम ठेवावा. सुदृढ मोठ्या कुत्र्याला अर्धा दिवस उपाशी राहण्याने काही होत नाही. भरल्या पोटी घाट उतरण्याने मात्र बरेच काही होते. पाणी घरचेच पाच-सहा लिटर बरोबर घ्यावे, काही कुत्री वासावरून परके पाणी नाकारतात.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. पाच महिन्यांचे पिल्लू दोनदा चोर्ला घाटातून गोव्याला नेले, दोन्ही वेळा कणकुंबीच्या पुढे ते ओकले. माणसांची उलटीची गोळी अर्धी करून द्यावी काय? — एक वाचक, जांबोटी

उत्तर : देऊ नये. औषधाचे प्रमाण पिल्लाच्या वजनावर ठरते आणि अर्धी गोळी म्हणजे अर्धे प्रमाण नव्हे.

पिल्लांना गाडी लागते याचे कारण आपल्या लहान मुलांसारखेच आहे. तोल सांभाळणारी कानातील रचना अजून पक्की झालेली नसते. डोळ्यांना सीटची पाठ स्थिर दिसते, कानाला वळण जाणवते, आणि या दोहोंचा मेळ बसत नाही. बहुतेक पिल्ले वर्षाची होईपर्यंत यातून बाहेर पडतात. उलटी अचानक होत नाही. त्याआधी पिल्लू वारंवार जांभया देते, ओठ चाटते, लाळ गाळते, कण्हते. जांभई दिसली की पुढच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवावी.

एक गोष्ट मात्र आपण तपासून पाहावी. लाळ गळणे गाडी सुरू होण्याच्या आधीच, उभ्या गाडीतच सुरू होत असेल, तर ती भीती आहे आणि तिच्यावर पहिल्या उत्तरातील अंगणातला सराव हेच औषध आहे. लाळ वळणे सुरू झाल्यावरच गळत असेल, तर खरोखर गाडी लागते आहे. त्यासाठी निघण्याच्या तीन-चार तास आधी थोडेच खायला द्यावे, पिल्लाला खाली पिंजऱ्यात पुढे तोंड करून बसवावे, बाजूची पळती झाडे दिसू नयेत म्हणून पिंजऱ्याच्या कडा पातळ कापडाने झाकाव्यात, हवा खेळती ठेवावी, आणि वळणे सावकाश घ्यावीत. घाटात घाईने पुढच्या गाड्या ओलांडणाऱ्याच्या मागच्या सीटवर माणूससुद्धा टिकत नाही, तिथे पिल्लाची काय कथा. इतके करूनही उलटी होत असेल तर मारोपिटंट नावाचे कुत्र्यांसाठीचे औषध आहे, ते प्रवासाच्या साधारण दोन तास आधी देतात आणि त्याने गुंगी येत नाही. परंतु ते पिल्लाला तपासून, वजन करून डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवे.

या रस्त्याबद्दल आणखी एक. जांबोटी ते चोर्ला हा पट्टा भीमगड अभयारण्याच्या शेजारचा आहे. पिल्लाला लघवीसाठी उतरवताना पट्टा सोडू नये, झुडपात शिरू देऊ नये, आणि घरी परतल्यावर कानांच्या आत, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत. गोचिडांमुळे येणारा ताप दोन-तीन आठवड्यांनी डोके वर काढतो आणि तोवर आपण तो प्रवास विसरलेलो असतो.

प्रश्न : वाटेत जेवायला थांबल्यावर कुत्र्याला गाडीत ठेवून, काचा चार बोटे उघड्या ठेवून, सावलीत गाडी लावली तर चालेल ना? ढाब्यावाले आत येऊ देत नाहीत. — एक वाचक, चिकोडी

उत्तर : चालणार नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

तीसेक वर्षांपूर्वी संकेश्वरला एका लग्नासाठी गेलो होतो आणि माझा शेरू बरोबर होता. मांडवाबाहेर चिंचेचे मोठे झाड होते. त्याच्या दाट सावलीत व्हॅन लावली, काचा खाली केल्या आणि अक्षता टाकून दहा मिनिटांत येतो असे स्वतःलाच सांगून आत गेलो. मुहूर्त लांबला. ओळखीची माणसे भेटली. चाळीस मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा चिंच होती तिथेच होती, सावली मात्र सरकून पलीकडच्या बैलगाडीवर गेली होती. शेरू सीटखाली पाय ताणून पडला होता, हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ डिंकासारखी तार धरत होती. आचाऱ्यांच्या पाण्याच्या पिंपाजवळ त्याला ओढत नेले आणि तांब्यामागून तांब्या ओतत बसलो. तापमान १०६ अंश फॅरेनहाइट निघाले. जनावरांचा डॉक्टर असूनही ही चूक माझ्या हातून झाली, म्हणून ती लपवत नाही. शेरू वाचला; पण पुढे उन्हाळ्यात त्याला थोड्या चालण्यानेही धाप लागत असे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्या वाफेवाटे उष्णता बाहेर टाकतो. पंजाच्या तळव्यांना येणारा घाम नाममात्र असतो. बंद गाडीतील हवा एकदा तापली आणि त्याच्याच श्वासाने दमट झाली की धापा टाकून काही साधत नाही. उन्हात उभ्या गाडीचे आतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २२ अंश सेल्सिअसने चढू शकते आणि त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. काचा थोड्या उघड्या ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते; ते १०६ च्या पुढे गेले की आतडी, मूत्रपिंडे आणि मेंदू यांना इजा होऊ लागते.

जेवणासाठी सोपा उपाय असा की डबा घरून न्यावा, किंवा दोघांनी पाळीपाळीने जेवावे. ढाब्याच्या अगदी दारात थांबूच नये. तिथली भटकी कुत्री अंगावर येतात, आणि उष्ट्यातील कोंबडीची हाडे व कांदाभजी आपल्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर पडलेली असतात. कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. डांबरावर उतरवण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी. आपल्याला सोसले नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

आणि कधी ऊन लागलेच, म्हणजे धापा थांबेनात, कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, ओकू लागला, तर आधी थंड करावे आणि मग दवाखाना गाठावा. सावलीत आणून अंगभर साधे पाणी ओतत राहावे, पोट व मांड्यांच्या आतल्या बाजू भिजवाव्यात, पुठ्ठ्याने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, तो थोड्या वेळात स्वतःच गरम होऊन उष्णता कोंडतो. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

प्रश्न : ऊसतोडीच्या टोळीबरोबर राखणीचा कुत्रा पिकअपच्या मागे बांधून नेतो. दोर लांब ठेवावा की आखूड? — एक शेतकरी, अथणी तालुका

उत्तर : दोन्ही वाईट. दोर लांब असेल तर कुत्रा फाळक्यावरून उडी मारतो आणि गळ्याला लटकतो. आखूड असेल तर प्रत्येक खड्ड्याला मानेला हिसका बसतो आणि वरून ऊन, धूळ, तापलेला पत्रा. जनावराला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हाही आहे.

केबिनमध्ये माणसांच्या पायाशी जागा करावी. ती नसेल तर उभे राहता, वळता आणि आडवे होता येईल एवढा लाकडी फळ्यांचा, चारही बाजूंनी हवा खेळेल असा पिंजरा करून घ्यावा. तो केबिनच्या पाठीला टेकवून दोरांनी पक्का आवळावा, तळाशी पोते अंथरावे आणि वरून ओल्या गोणपाटाची सावली करावी. गावातला सुतार असा पिंजरा एका दिवसात करून देईल आणि तो पुढे अनेक हंगाम पुरेल. पत्रात शेवटी आपण बेदाण्याचा उल्लेख केला आहे, म्हणून लिहितो: आपल्या भागात शेडवरचा बेदाणा मूठभर कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धत आहे, ती सोडावी. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि एखाद्या कुत्र्याने पूर्वी खाऊन पचवले म्हणजे दुसरा पचवील असे नाही.

प्रश्न : आमचा पग गाडीत फार धापा टाकतो आणि भुंकतो. बेंगळुरूपर्यंत झोपून राहील अशी गोळी सुचवावी. — एक वाचक, हुक्केरी

उत्तर : पगसाठी तर मुळीच नाही. या जातीचे नाक आखूड आणि घशातील वाट अरुंद असल्याने एरवीही तिला श्वास घ्यायला कष्ट पडतात. गुंगीच्या औषधाने घशाचे स्नायू सैल पडले की ती वाट आणखी अरुंद होते. जुन्या पद्धतीच्या काही गुंगीच्या गोळ्यांनी कुत्रा निपचित पडतो, पण त्याची भीती जात नाही, रक्तदाब उतरतो आणि अंगाचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते. मुधोळसारख्या शिडशिडीत शिकारी जातींनाही काही भुलीची औषधे फार वेळ चढून राहतात. फार घाबरट कुत्र्यासाठी भीती कमी करणारी नवी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावीत आणि निघण्याच्या आठ दिवस आधी घरीच एकदा देऊन पाहावीत.

आपला पग बहुधा उकाड्याने धापा टाकत असावा. मागच्या सीटपर्यंत थंड हवा पोचते का, हे एकदा स्वतः मागे बसून पाहावे. पुढे बसणाऱ्याला थंडी वाजत असताना मागे घाम फुटलेला असतो, हे आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत दिसते. त्याला रात्री न्यावे.

प्रश्न : डॉक्टरकाका, माझा टायगर खिडकीतून डोके बाहेर काढतो आणि त्याला खूप मजा येते. बाबा ओरडतात. कोण बरोबर? — इयत्ता सातवी, निपाणी

उत्तर : बाळ, या वेळी बाबा बरोबर आहेत. गाडी पळताना धूळ, खडे, किडे बंदुकीच्या छऱ्यासारखे येतात आणि टायगरच्या डोळ्याला चष्मा नसतो. माझ्याकडे असा डोळा फुटलेला कुत्रा आला आहे. त्याला वास घ्यायला आवडतो ना? मग काच फक्त त्याचे नाक बाहेर जाईल इतकी उघड. वास पुरेसा मिळतो.

प्रश्न : महाराष्ट्रात जाताना नाक्यावर कुत्र्याची कागदपत्रे दाखवावी लागतात का? आणि पोचल्यावर नव्या घरातून तो पळून गेला तर? — एक वाचक, कागवाड

उत्तर : घरच्या गाडीतील कुत्र्याला कोगनोळीच्या नाक्यावर अडवलेले मी पाहिलेले नाही. आपल्या या भागात माणसांनाच सगळे कागद दोन भाषांत जवळ बाळगण्याची सवय लागली आहे, तर कुत्र्याचे का नकोत, असे मात्र मी गमतीने म्हणतो. गंमत बाजूला ठेवली तरी जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत कुत्र्या-मांजरांबरोबर प्रवासास योग्य असल्याचे आणि संसर्गजन्य रोगाची लक्षणे नसल्याचे पशुवैद्यकांचे प्रमाणपत्र असावे असे म्हटले आहे. निघण्याआधी दोन-तीन दिवसांत ते घ्यावे. लसीकरणाच्या कार्डावर पिसाळण्याच्या रोगावरील लशीची तारीख आणि लशीचे लेबल आहे ना, ते पाहावे. तिकडच्या डॉक्टरांना कन्नडमधील नोंद वाचता येईलच असे नाही, म्हणून ती इंग्रजीतही लिहून घ्यावी आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पिल्लाला ही लस पहिल्यांदाच दिली असेल तर तिचा असर यायला सुमारे तीन आठवडे लागतात, तेव्हा आदल्या दिवशी टोचून निघण्यात अर्थ नाही. वाटेत परक्या कुत्र्याने चावा घेतला तर हेच कार्ड पहिल्यांदा मागतात.

पळून जाण्याची आपली भीती रास्त आहे. प्रवासात हरवणारे कुत्रे बहुधा गाडीचे दार उघडल्याच्या पहिल्या क्षणी हरवते. म्हणून नियम असा ठेवावा की पट्ट्याचे टोक हातात आल्याशिवाय कोणीही दार उघडायचे नाही, आणि हे मुलांना निघण्याआधी दोनदा सांगावे. गळ्यात मोबाइल क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. भांड्यांवर नाव घालणारा कारागीर तो दहा मिनिटांत करून देतो. नव्या घरी पहिले तीन दिवस कुत्र्याला एकाच खोलीत ठेवावे, फाटकाबाहेर पट्ट्यानेच न्यावे, आणि रोज त्याच दोन वाटांनी फिरवावे, म्हणजे घराचा वास त्याच्या डोक्यात पक्का बसतो.

सामान बांधताना घरातील बायका कुत्र्याची मळकी गोधडी हमखास धुवून, वाळवून, घडी करून ठेवतात. ती धुवू नये. नव्या घरात त्याच्या ओळखीचा वास तेवढ्या एकाच वस्तूला असणार आहे. तिच्यावरच त्याला झोपू द्यावे आणि धुवायची ती महिन्याभराने धुवावी.